शेतावरच्या दुर्बिणीसाठी जीपीएस टाइम सर्व्हर: कमी वीज खाणारा बोर्ड कोणता घ्यावा?

ताराछंद_सातारा:
नमस्कार मंडळी. आमचा साताऱ्यातल्या हौशी लोकांचा छोटा ग्रुप आहे, सध्या लघुग्रहांच्या पिधान युती (लघुग्रह ताऱ्यापुढून जाताना तारा थोडा वेळ झाकला जातो, ते) टिपायचा नाद लागलाय. माण तालुक्यात एका मित्राच्या शेतावर पत्र्याची खोली केलीय, वरचा पत्रा सरकवला की आकाश मोकळं, अंधार एक नंबर. पण इंटरनेट नाही (बांधावर उभं राहिलं तर मोबाइलला एक काडी येते) आणि शेतीची लाइट आठ तास, तीही आठवड्याच्या पाळीनं कधी दिवसा कधी रात्री, त्यामुळे सगळं १२ व्होल्टच्या बॅटरीवर आणि एका सोलर पॅनेलवर चालवायचंय.

पिधानाला वेळ नेमकी लागते हे तुम्हाला सांगायला नको. तीन लॅपटॉप, तीन कॅमेरे, सगळ्यांची घड्याळं एका लायनीत पाहिजेत. म्हणून जीपीएस लावलेला एक छोटा एनटीपी सर्व्हर (नेटवर्कवरून बाकीच्यांची घड्याळं जुळवून देणारा) कायमचा तिथेच ठेवायचा विचार आहे. घरात एक जुना रास्पबेरी पाय ३बी (एका छोट्या बोर्डावरचा कॉम्प्युटर) पडून आहे. मित्र म्हणतो पाय ४ किंवा थेट पाय ५ घे, एक जण म्हणतो बीगलबोन ब्लॅकच (तसलाच दुसरा बोर्ड) घे बाकी सगळं खेळणं आहे, आणि एकाकडे जुना थिन क्लायंट (ऑफिसातला छोटा डबा-कॉम्प्युटर) आहे सिरीयल पोर्टवाला, तो फुकट मिळतोय. जीपीएस मॉड्यूल म्हणून निओ-६एमचा तो चार पिनांचा बोर्ड आणलाय, स्वस्तातला. यूएसबी डोंगलवाला जीपीएस पण आहे एक. काय घेऊ? वीज कमी खाल्ली पाहिजे ही पहिली अट.

घड्याळजी_पुणे:
बोर्डावर यायच्या आधी हिशोब करू, म्हणजे निम्मे पर्याय आपोआप गळतील.

लघुग्रहाची सावली जमिनीवरून सेकंदाला समजा १० किलोमीटरनं पळतेय. वेळेत ०.१ सेकंदाची चूक म्हणजे लघुग्रहाच्या आकारात १ किलोमीटरचा घोळ. १० मिलिसेकंदाची चूक म्हणजे १०० मीटर. आता तुमचा कॅमेरा सेकंदाला २५ फ्रेम घेत असेल तर एक फ्रेमच ४० मिलिसेकंदाची. म्हणजे लॅपटॉपचं घड्याळ ५ मिलिसेकंदात बसलं तरी तुमचं काम झालं, आणि पायवरचा साधा जीपीएस सर्व्हर वायरनं जोडलेल्या लॅपटॉपला आरामात मिलिसेकंदाच्या आसपास आणून ठेवतो. नॅनोसेकंदाच्या गप्पा इथे कामाच्या नाहीत.

त्यामुळे सीपीयू किती दणकट हे बघूच नका, एनटीपीला तो लागतच नाही, तीन लॅपटॉप काय तीनशे असले तरी पाय ३ झोपेत सांभाळेल. बघायचं ते असं की जीपीएसचा सेकंदाचा पल्स बोर्डात कुठल्या वाटेनं शिरतो आणि वेळेचं पॅकेट कुठल्या वाटेनं बाहेर पडतं. त्यात यूएसबी डोंगल लगेच बाद. डोंगल फक्त एनएमईएची वाक्यं (जागा-वेळ सांगणाऱ्या मजकुराच्या ओळी) देतो, आणि ती ९६०० बॉडच्या वेगानं सेकंदाला जेमतेम ९६० अक्षरं जातात. डिफॉल्ट वाक्यांचा सगळा गठ्ठा ४००-५०० अक्षरांचा असतो, म्हणजे तो येऊन संपेपर्यंत अर्धा सेकंद गेला. बरं हा उशीर ठरावीक असता तर वजा केला असता, पण जेवढे सॅटेलाइट दिसतील तेवढी वाक्यं लांबतात, त्यामुळे उशीर पण हलत राहतो. वर यूएसबीचं पोलिंग, म्हणजे कॉम्प्युटर मधूनमधून विचारेल तेव्हाच डेटा मिळणार.

पीपीएस म्हणजे पल्स पर सेकंद, ती वेगळी तार. स्वस्त मॉड्यूलमध्ये पण तिची कड खऱ्या सेकंदापासून काही दशांश मायक्रोसेकंदाच्या आत असते. एनएमईएनं फक्त एवढंच सांगायचं की आत्ता आला तो कितवा सेकंद, आणि तो सेकंद नेमका कधी सुरू झाला हे पीपीएसनं. एनएमईएची चूक अर्ध्या सेकंदाच्या आत ठेवा, नाहीतर क्रोनी (पायवर घड्याळ जुळवणारं सॉफ्टवेअर) शेजारच्या सेकंदाला चिकटेल आणि अख्ख्या एका सेकंदानं चुकाल, आणि आकडे मात्र एकदम देखणे दिसतील.

थोडक्यात घरातला पाय ३बी लावा, पैसे चांगल्या जीपीएस मॉड्यूलवर आणि अँटेनावर घाला.

बीगल_भक्त:
पाय ३ नको राव. पाय ३बी चं इथरनेट यूएसबीवरूनच जातं, आत यूएसबी हब आणि इथरनेट एकाच चिपमध्ये आहे. म्हणजे पल्स जीपीआयओतून (बोर्डाच्या मोकळ्या पिनांतून) चकाचक आत घ्यायचा आणि पॅकेट यूएसबीच्या रांगेत उभं करून बाहेर पाठवायचं, काय अर्थ आहे? बीगलबोन ब्लॅकला नेटवर्क प्रोसेसरच्या आतच आहे, हार्डवेअर टाइमस्टॅम्पिंग (पॅकेटवर वेळेचा शिक्का नेटवर्कचं हार्डवेअरच मारतं) आहे, आणि सगळ्यात भारी म्हणजे त्याच्या टायमरला कॅप्चर पिन आहे. पल्स आला की टायमरचा आकडा हार्डवेअरच टिपून ठेवतं, इंटरप्टला (पल्स आल्याच्या हाकेला) सीपीयूनं कधी ओ दिली त्याचा संबंधच नाही. पायमध्ये जीपीआयओ इंटरप्टवर भिस्त, तिथे काही मायक्रोसेकंद इकडे-तिकडे होणारच. शिवाय बीगलबोनवर ईएमएमसी (बोर्डावरच बसवलेली मेमरी) आहे, एसडी कार्ड मरायची भीती नाही. वीज अंदाजे २ वॅट.

घड्याळजी_पुणे:
@बीगल_भक्त सगळं मान्य. पण पाय ३ च्या यूएसबी इथरनेटमुळे वाढतो तो जिटर (वेळेची थरथर) काही दहा-वीस ते शे-दोनशे मायक्रोसेकंद. यांना ५ मिलिसेकंद हवेत. आणि फारच खुपत असेल तर कर्नलच्या कमांड लाइनमध्ये त्या इथरनेट ड्रायव्हरचा टर्बो मोड बंद करता येतो, पॅकेटं गोळा करत बसत नाही मग. उद्या त्यांना पीटीपी (एनटीपीपेक्षा जास्त नेमकी पद्धत) करायचं असेल, विजा कुठे पडल्या ते शोधायचं असेल, तर बीगलबोन किंवा पाय ५ किंवा सीएम४ (पाय ४ चाच छोटा मॉड्यूल-अवतार) घ्यावा, तिथे हार्डवेअर टाइमस्टॅम्पिंग लागतं. पाय ४ ला इथरनेट यूएसबीमधून सुटलंय पण हार्डवेअर टाइमस्टॅम्प नाही, ते सीएम४ वर आहे, बरेच जण इथे गल्लत करतात.

सोल्डर_आणि_धूर:
बोर्डावर भांडण चालू राहू द्या, मी मॉड्यूलवर बोलतो. तो चार पिनांचा निओ-६एम बोर्ड म्हणजे व्हीसीसी, आरएक्स, टीएक्स, ग्राउंड. पीपीएस पिन बाहेर काढलेलीच नाही! चिपच्या ३ नंबर पिनवर पल्स आहे, तो नुसता बोर्डावरच्या बारक्या एलईडीला दिलाय. तिथून केसाएवढी तार सोल्डर करून आणता येते, पण शेतावर गाडीच्या डिकीतून जाणाऱ्या वस्तूवर असली तार टिकत नाही. पीपीएसची पिन बाहेर काढलेला निओ-एम८ चा (निओ-६ नंतरच्या पिढीचा) बोर्ड घ्या, बाहेरच्या अँटेनाला एसएमए कनेक्टर असलेला. बजेट असेल तर एम८टी, तो टायमिंगसाठीच केलेला आहे, एकाच जागी ठेवला की स्वतःची जागा सर्व्हे करून पक्की करतो आणि मग एक सॅटेलाइट दिसला तरी वेळ देत राहतो. तुमच्या कामाला साधा एम८एन पण खूप झाला.

जोडताना पीपीएस ३.३ व्होल्टचाच आहे ना ते मीटर लावून बघा, ५ व्होल्टचा पल्स पायच्या पिनला दिला तर पिन गेली म्हणून समजा. सवयीनं लोक जीपीआयओ १८ वापरतात, म्हणजे हेडरची १२ नंबर पिन, आणि कॉन्फिगमध्ये ओव्हरले (पिनेचा ड्रायव्हर चालू करणारी ओळ) पीपीएस-जीपीआयओचा. पाय ३ वर सिरीयल कन्सोल बंद करा आणि ब्लूटूथ पण बंद करा, कारण चांगला यूएआरटी (सिरीयल पोर्टचं सर्किट) ब्लूटूथनं अडवलेला असतो, आपल्याला मिनी यूएआरटी मिळतो ज्याचा बॉडरेट कोर क्लॉकबरोबर नाचतो.

आणि थिन क्लायंटवाल्यांसाठी: सिरीयल पोर्टच्या डीसीडी पिनवर पीपीएस देता येतो, जुनी आणि उत्तम पद्धत आहे, पण मध्ये मॅक्स३२३२ (व्होल्टेज जुळवणारी चिप) टाकावा लागतो आणि त्यातून पल्स उलटा होतो. चढती कड उतरती होते. निओचा पल्स डिफॉल्टला १०० मिलिसेकंद रुंद असतो, चुकीची कड धरली तर तुमचं घड्याळ बरोब्बर १०० मिलिसेकंदानं मागे पडणार. कुठे नेमका ०.१ चा फरक दिसला की आधी कड तपासा.

गावचा_इंजिनिअर:
एक भाबडा प्रश्न, आपलं नाविक (भारताचं स्वतःचं जीपीएस) नाही का वापरता येत? आणि सरकारी टाइम सर्व्हर पण आहेत ना, ऑफिसात आम्ही सगळं एनआयसीच्या (केंद्र सरकारची संगणक यंत्रणा) सर्व्हरला जोडलंय, २०२२ च्या सर्ट-इनच्या (केंद्राची सायबर सुरक्षा संस्था) आदेशानंतर.

घड्याळजी_पुणे:
@गावचा_इंजिनिअर सर्व्हर आहेत, एनआयसीचे आहेत, दिल्लीच्या एनपीएलचे (राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा) आहेत, आणि भारतीय प्रमाणवेळ एनपीएलच सांभाळते. पण त्यांना गाठायला इंटरनेट लागतं आणि यांच्याकडे बांधावरची एक काडी आहे. मोबाइल नेटवर्कवर जायचा आणि यायचा उशीर सारखा नसतो, एनटीपी तो सारखाच धरतो, जेवढा फरक त्याच्या निम्मी चूक थेट घड्याळात. वीस-तीस मिलिसेकंद सहज जातात.

नाविकचं म्हणाल तर मनापासून आवडलं असतं. पण त्याचे जुने सॅटेलाइट एल५ आणि एस या फ्रिक्वेन्सी बँडवर, स्वस्त मॉड्यूलं ऐकतात एल१. एल१ सुरू झालं २९ मे २०२३ ला सोडलेल्या एनव्हीएस-०१ पासून, त्यात आपलं स्वतःचं रुबिडियमचं अणुघड्याळ पण आहे. आधीच्या काही सॅटेलाइटची आयात केलेली घड्याळंच बंद पडली होती, पहिल्या १ए ची तर तिन्ही. जानेवारी २०२५ चा एनव्हीएस-०२ ठरलेल्या कक्षेत पोचला नाही. त्यामुळे आज शेतावर लावायला जीपीएस, सोबत युरोपचं गॅलिलिओ बास.

ताराछंद_सातारा:
बापरे, एवढं कुणी सांगितलंच नव्हतं. सगळ्यांचे आभार. म्हणजे यूएसबी डोंगल बाद, चार पिनवाला बाद. थिन क्लायंट फुकट मिळतोय त्याचा मोह मात्र सुटत नाहीये, सिरीयल पोर्ट आहे, डब्बा मजबूत आहे. वीज १० वॅटच्या आसपास खातो म्हणतात. आणि पाय झिरो २ डब्ल्यू कुणीच का सुचवत नाहीये? तो तर १ वॅटच्या पण आत चालतो ना.

बॅटरीवाला_नाना:
इथे मी येतो, कारण रात्री अडीच वाजता तारा झाकायच्या दहा मिनिटं आधी बॅटरी बसते तेव्हा तुमच्या नॅनोसेकंदांचा काय उपयोग.

हिशोब बघा. यूपीएसची साधी १२ व्होल्ट ७ एएच बॅटरी म्हणजे ८४ वॅट-तास. लेड ॲसिड आहे, निम्म्याच्या खाली उतरवली तर लवकर मरते, म्हणून ४२ धरा. थिन क्लायंट १० वॅट, चार तासात खलास. तो फुकट नाही हो, त्याच्यापायी पॅनेल आणि बॅटरी मोठी घ्यावी लागेल. पाय ३बी वर फक्त जीपीएस आणि क्रोनी चालवलं, एचडीएमआय बंद, वायफाय बंद, तर २ वॅटच्या आतबाहेर. १२ चे ५ करणारा बक कन्व्हर्टर १०-१५ टक्के खातो. तरी १७-१८ तास निघाले. झिरो २ डब्ल्यू अर्ध्यात भागतो, पण त्याला इथरनेटच नाही, मग एकतर यूएसबीचा इथरनेट लावा, त्याची वीज वेगळी, नाहीतर वायफायवर या, आणि वायफायवर वेळ काही मिलिसेकंद इकडे-तिकडे उड्या मारते, कधी जास्तच. वाचवलं काय मग?

आता सगळे विसरतात ती गोष्ट. तीन लॅपटॉप वायरनं जोडायचे म्हणजे मध्ये नेटवर्क स्विच आला. तो पण २-३ वॅट खातो! पायपेक्षा जास्त! बोर्ड निवडताना अर्ध्या वॅटवरून डोकं फोडायचं आणि स्विच चोवीस तास चालू, याला काही अर्थ नाही. सर्व्हर चालू राहू दे, स्विचला वेगळं बटण लावा, लॅपटॉप आले की स्विच चालू.

बक कन्व्हर्टर निदान ३ अँपियरचा घ्या, पायला व्होल्टेज कमी पडलं की तो सीपीयूचा वेग उतरवतो. एसडी कार्ड रीड-ओन्ली करा, रास्पी-कॉन्फिगमध्ये ओव्हरले फाइल सिस्टम म्हणून पर्याय आहे. बीगल_भक्त यांचं ईएमएमसी बरं आहे पण न सांगता लाइट गेली की ईएमएमसी पण बिघडू शकते, रीड-ओन्ली केलं की दोघांनाही अभय. फक्त क्रोनीची ड्रिफ्ट फाइल एकदा नीट दोन-तीन दिवस चालवून मगच ओव्हरले लावा, म्हणजे बोर्डाच्या घड्याळाचा क्रिस्टल किती धावतो ते त्याला सुरुवातीलाच माहीत असेल.

घड्याळजी_पुणे:
नानांच्या मुद्द्याला जोडून, क्रिस्टलवर उन्हाचा परिणाम होतो. १ पीपीएमचा (दहा लाखात एकचा) फरक म्हणजे दिवसाला ८६ मिलिसेकंद. पत्र्याच्या खोलीत दुपारी ४५ आणि रात्री १५ डिग्री असलं तर क्रिस्टल चांगलाच हलणार. पीपीएस येत असताना क्रोनी ते सांभाळतं, काळजी फक्त जीपीएस गेला तर. म्हणून बोर्ड बंद डब्यात, थर्माकोलचा तुकडा आजूबाजूला, पंखा अजिबात नको. सीपीयू गव्हर्नर एकाच वेगावर ठेवा. अँटेना मात्र पत्र्याच्या वर, आकाश उघडं दिसेल अशी, मॅग्नेटवाली असेल तर थेट पत्र्याला चिकटते. केबलच्या लांबीची काळजी नको, मीटरला साधारण ५ नॅनोसेकंद, २० मीटर ओढली तरी १०० नॅनोसेकंद.

कृत्तिका_निरीक्षक:
मी पिधानं रेकॉर्ड करते म्हणून कॅमेऱ्याच्या बाजूनं लिहिते, कारण इथे सगळेजण सर्व्हरपर्यंत येऊन थांबलेत. लॅपटॉपचं घड्याळ मिलिसेकंदात आलं, छान. पण फ्रेमवर जो टाइमस्टॅम्प बसतो तो बहुतेक यूएसबी कॅमेऱ्यांत फ्रेम लॅपटॉपमध्ये पोचल्यावर बसतो. एक्सपोजर संपलं, सेन्सर वाचला, कॅमेऱ्याच्या बफरमधून यूएसबीवर आली, ड्रायव्हरनं घेतली, मग सॉफ्टवेअरनं शिक्का मारला. हा उशीर दहा-वीस मिलिसेकंद पण असू शकतो, जास्त पण, आणि फ्रेमचा आकार बदलला की बदलतो. रोलिंग शटर (सेन्सर ओळीओळीनं वाचणारं) असेल तर वरची ओळ आणि खालची ओळ यांची वेळ पण वेगळी. क्यूएचवाय १७४ जीपीएस सारख्या कॅमेऱ्यात जीपीएस आतच असतो आणि ग्लोबल शटर (सगळी फ्रेम एकदम टिपणारं) असतं, म्हणून पिधानवाले तो घेतात, पण तीन घ्यायचे म्हणजे शेत विकावं लागेल.

विंडोज लॅपटॉप असतील तर विंडोजची स्वतःची टाइम सर्व्हिस बंद करून माइनबर्गचा फुकट मिळणारा एनटीपी टाका, सर्व्हर म्हणून पायचा पत्ता द्या आणि निरीक्षणाच्या निदान तास-दीड तास आधी लॅपटॉप चालू करून ठेवा, स्थिरावायला वेळ लागतो. लॅपटॉपला झोपू देऊ नका.

आणि कॅमेऱ्याचा उशीर मोजायचा असेल तर पीपीएसवर एक एलईडी लावा आणि दुर्बिणीच्या तोंडाशी धरून रेकॉर्ड करा, ज्या सेटिंगवर पिधान घेणार त्याच सेटिंगवर. दिवा सेकंदाच्या ठोक्याला पेटतो. कुठल्या फ्रेममध्ये उजेड सुरू झाला आणि त्या फ्रेमवर काय वेळ पडलीय, तो फरक म्हणजे तुमच्या सगळ्या साखळीचा उशीर, जीपीएसपासून सॉफ्टवेअरपर्यंत. फ्रेम अर्धवट उजळलेली असेल तर तेवढ्यावरून फ्रेमच्या आतला भाग पण काढता येतो. तो वजा करून रिपोर्ट पाठवायचा.

बाय द वे, तुमचा तो बाद झालेला चार पिनांचा निओ-६एम इथे चालतो! त्याचा एलईडी पीपीएसवरच आहे, फिक्स मिळाला (सॅटेलाइट पकडून जागा ठरली) की लुकलुकायला लागतो. ५ व्होल्ट दिले की झालं, सर्व्हरला हात लावायची गरज नाही.

सोल्डर_आणि_धूर:
हा, हे भारी आहे. फक्त एलईडी थोडा वेळ पेटतो आणि जास्त वेळ विझलेला असतो ना ते बघून घ्या. उलटं असलं तर विझतो तो क्षण धरा.

बीगल_भक्त:
बरं, हरलो. पाय ३ लावा. पण कृत्तिकाताईंचा मुद्दा मात्र मला पटला, तिथे बोर्ड कुठलाही असला तरी तेवढंच.

ताराछंद_सातारा:
ठरलं तर मग. पाय ३बी, पीपीएस पिनवाला एम८एन, अँटेना पत्र्यावर, स्विचला बटण, थिन क्लायंट मित्राला परत. पुण्याला येणारच आहे, पासोड्या विठोबाजवळच्या दुकानांत मॉड्यूल बघतो, नाही मिळालं तर ऑनलाइन. शेवटचं एक विचारतो, इंटरनेट नाही म्हटल्यावर हा डब्बा महिनोन्महिने अपडेट न करता चालला तर काही गडबड होते का?

घड्याळजी_पुणे:
दोन गोष्टी बघून ठेवा. इमेज ताजी घ्या, कारण जीपीएसडीच्या (पायवर जीपीएस वाचणारं सॉफ्टवेअर) ३.२० ते ३.२२ व्हर्जनमध्ये बग होता, २४ ऑक्टोबर २०२१ ला तारीख थेट १०२४ आठवडे मागे म्हणजे मार्च २००२ मध्ये जाणार होती, ३.२३ मध्ये दुरुस्त झालं. कपाटातलं जुनं कार्ड तसंच उचलून लावू नका.

दुसरं लीप सेकंदाचं, म्हणजे यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) मधूनमधून घातलेल्या जादा सेकंदाचं. जीपीएसची स्वतःची वेळ यूटीसीच्या १८ सेकंद पुढे आहे, १ जानेवारी २०१७ पासून हाच आकडा. हा फरक सॅटेलाइटच्या संदेशातूनच येतो, पण अख्खा संदेश यायला साडेबारा मिनिटं लागतात. तोवर मॉड्यूल फर्मवेअरमध्ये भरलेला जुना आकडा वापरतं, त्यामुळे जुन्या मॉड्यूलमध्ये सुरुवातीची काही मिनिटं वेळ दोन-तीन सेकंद पुढे दिसू शकते. सर्व्हर चोवीस तास चालू राहणार असेल तर प्रश्नच नाही, पण बॅटरी बसून पुन्हा चालू झाला असेल तर पंधरा-वीस मिनिटं जाऊ द्या, मगच लॅपटॉप जोडा. आणि मॉड्यूलवर बटण सेल किंवा सुपरकॅप आहे का ते दुकानातच बघून घ्या, वीज गेली तरी मॉड्यूलची आठवण त्यावर टिकते.